शिजवून केलेला साबण: वडी भुसभुशीत, जिभेला चुणचुण. नेमकं चुकलं कुठे?

भुसभुशीत_वडी

हॉट प्रोसेसने केलेल्या साबणाची वडी कापताना चुरा होतोय. प्रमाण असं होतं: खोबरेल 300, करंज तेल 125, एरंडेल 75, कॉस्टिक सोडा 80, पाणी 160. स्टीलचं पातेलं उकळत्या पाण्यावर ठेवून तासभर शिजवलं. शेवटी 2 चमचे मुलतानी माती आणि 1 चमचा हळद. साच्यात भरतानाच गोळा इतका घट्ट होता की चमच्याने दाबून बसवावा लागला. दुसऱ्या दिवशी कापला तर कडा सुटतात, आत पांढरे ठिपके दिसतात आणि जिभेचं टोक लावलं की चुणचुण होते. हळद विटकरी लाल झाली आहे.

ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये हेच आकडे घातले तर 80 ग्रॅम कॉस्टिक बरोबर येतं, सुपरफॅट (साबण न होता मोकळं राहणारं तेल) 1 टक्का दाखवतो. मग चूक कुठे? ही घाण (म्हणजे एका वेळी शिजवलेला सगळा साबण) टाकून द्यावी लागेल की वाचवता येईल? आणि कॉस्टिकची भीतीच वाटते, त्याऐवजी पापडखार किंवा धुण्याचा सोडा चालत नाही का?

खळखळ_फेस

बाकीचं नंतर. तेलं वजनाने घेतली की मापाने?

भुसभुशीत_वडी

मापाने, मिलिलिटरच्या काचेच्या भांड्याने. कॉस्टिक तेवढं काट्यावर मोजलं.

खळखळ_फेस

मग चूक तिथेच आहे. एक लिटर तेल म्हणजे एक किलो नव्हे. खोबरेल मिलिलिटरला साधारण 0.92 ग्रॅम भरतं, करंज 0.93, एरंडेल 0.96. म्हणजे तुमच्या पातेल्यात प्रत्यक्षात गेलं ते असं: खोबरेल 276 ग्रॅम, करंज 116, एरंडेल 72. एकूण 464 ग्रॅम. 36 ग्रॅम तेल कागदावर होतं, पातेल्यात नव्हतं.

आता कॉस्टिक. प्रत्येक तेलाला साबण व्हायला ठरावीक कॉस्टिक लागतं. एक ग्रॅम तेलामागे खोबरेलाला 0.183 ग्रॅम, करंजाला सुमारे 0.131, एरंडेलाला 0.128.

276 × 0.183 = 50.5
116 × 0.131 = 15.2
72 × 0.128 = 9.2

बेरीज 75 ग्रॅम. तुम्ही घातलं 80. बाजारातलं कॉस्टिक शंभर टक्के शुद्ध नसतं, 97 टक्के धरलं तरी 77.6 ग्रॅम खरं कॉस्टिक गेलं. अडीच ते पाच ग्रॅम कॉस्टिक तेलाविना मोकळं राहिलं, तेच जिभेला लागतंय. हे कितीही वेळ शिजवलं तरी जाणार नाही, कारण त्याला खायला तेलच उरलेलं नाही. सुपरफॅट 1 टक्का ठेवणं म्हणजे काठावरून चालणं. मापात एवढीशी चूक झाली की पाय खाली. अंगाच्या साबणाला 5 टक्के ठेवा.

हळदीवरून निकाल लावू नका. हळदीला चुना लावला की कुंकू होतं, हे घरोघरी माहीत आहे. साबण मुळातच अल्कधर्मी, पीएच 9 ते 10 च्या घरात, त्यामुळे चांगल्या वडीतही हळद तांबूसच दिसते. पांढऱ्या ठिपक्यांचे अर्थ दोन. एक म्हणजे मोकळं कॉस्टिक, दुसरा म्हणजे पातेल्याच्या कडेला वाळलेला साबण खरवडून आत आलेला. दुसरा निरुपद्रवी. ठिपक्यावर फिनॉल्फ्थॅलिनचा (अल्कलीत गुलाबी होणारं द्रावण) एक थेंब टाका. गर्द गुलाबी झाला तर कॉस्टिक. फिकट गुलाबी छटा ओल्या चांगल्या साबणावरही येते, तिला घाबरू नका. खात्री हवी असेल तर साबणाचा कीस गरम पाण्याच्या वाटीत ठेवलेल्या स्पिरिटमध्ये विरघळवा, गॅस बंद करून, आणि मग थेंब टाका. पाण्यात साबण थोडा फुटून अल्कली सोडतो, तसा स्पिरिटमध्ये सोडत नाही, त्यामुळे तिथे गुलाबी आलं तर ते मोकळं कॉस्टिकच. पीएचच्या कागदी पट्ट्या साबणावर भलतंच काहीतरी दाखवतात, त्यावर पैसे घालवू नका.

घाण वाचते. हातमोजे घालून सगळ्या वड्या किसणीवर किसा, पातेल्यात 60 ग्रॅम पाणी घालून खालच्या उकळत्या पाण्यावर झाकून ठेवा. 20 मिनिटांत मऊ पडेल. मग 70 ग्रॅम शेंगदाणा तेल, वजनाने, गरम करून घाला. हिशोब: 80 ग्रॅम कॉस्टिकला 5 टक्के सुपरफॅटने 84.2 ग्रॅम कॉस्टिक खाणारी तेलं हवीत. तुमच्याकडे 75 ची आहेत. उरले 9.2, भागिले शेंगदाण्याचे 0.136, म्हणजे 68. खोबरेल मुद्दाम घालायचं नाही, ते आधीच फार आहे. झाकून आणखी 45 मिनिटं शिजवा, दर 10 मिनिटांनी कडा खाली ओढा, कोरडं वाटलं तर एकेक मोठा चमचा गरम पाणी. पुन्हा चाचणी करा. दिसायला खडबडीत होईल, वापरायला उत्तम.

मुठेल

पापडखार, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा आणि कॉस्टिक सोडा, आपल्याकडे या सगळ्यांना नुसतं "सोडा" म्हणतात म्हणून हा घोळ होतो. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. ताज्या तेलाचा साबण करण्याइतका जोर त्याच्यात नाही. तास न् तास ढवळा, खाली खारट पाणी आणि वर तेल. पूर्वी राखेच्या पाण्यात चुना घालून ते तीव्र करत आणि त्यावर तेल शिजवत, पण त्यातून निघतो तो पोटॅशचा मऊ, लेहासारखा साबण, वडी नाही. शिवाय राखेत किती क्षार उतरलाय ते मोजायला घरी साधन नाही. म्हणजे कॉस्टिकपेक्षा ते जास्त बेभरवशाचं. "कॉस्टिक न वापरता केलेला नैसर्गिक साबण" म्हणून जे विकतात, तो बहुतेक वेळा तयार बेस वितळवून ओतलेला असतो. त्या बेसमध्ये कॉस्टिक दुसऱ्या कोणीतरी आधीच घातलेलं असतं, एवढाच फरक. हिशोब नीट असेल तर तयार वडीत कॉस्टिक उरत नाही.

भीती मात्र योग्य जागी असू द्या. पाण्यात कॉस्टिक टाकायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच नाही. उलट केलं तर वरचा थर एकदम उकळून तोंडावर उडतो. पाणी थंड घ्या. मिसळल्यावर ते आपोआप 80 अंशांच्या पुढे जातं आणि पहिली दोन मिनिटं घशाला झोंबणारी वाफ येते, म्हणून खिडकीत किंवा गॅलरीत. काचेचा ग्लास नको, जाड पॉलिप्रॉपिलीनचा मग किंवा स्टील. चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्या. अंगावर उडालं तर वाहत्या पाण्याखाली 15 ते 20 मिनिटं. व्हिनेगर किंवा लिंबू चोळू नका, तिथे आणखी उष्णता होते. डोळ्यात गेलं तर तसंच सतत धूत राहायचं आणि थेट दवाखाना गाठायचा.

मोरी साफ करायची पावडर कॉस्टिक म्हणून वापरू नका. तिच्यात ॲल्युमिनियमचे कण आणि आणखी काय काय असतं. पॅकेटवर सोडियम हायड्रॉक्साइड आणि शुद्धता टक्क्यांत लिहिलेली हवी. पावसाळ्यात उघडी पिशवी चार दिवसांत ओली होते, हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन त्याचा धुण्याचा सोडा बनत जातो आणि वजनात मोजूनही जोर कमी पडतो. घट्ट झाकणाची प्लॅस्टिकची बरणी घ्या.

मुठेल

आता प्रमाण. तुमच्या कृतीत खोबरेल 60 टक्के आहे. फेस येईल भरपूर, पण हिवाळ्यात कातडी ओढली जाईल. कोकमचं तेल मिळत असेल तर हे करून पाहा. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत मुठेल म्हणतात, गोव्यात भिरंडेल. तेल म्हणायचं, पण असतो घट्ट पांढरट गोळा. एकूण 500 ग्रॅम:

खोबरेल 200 ग्रॅम
शेंगदाणा तेल 175 ग्रॅम
मुठेल 75 ग्रॅम
एरंडेल 50 ग्रॅम
कॉस्टिक 73 ग्रॅम
पाणी 185 ग्रॅम

सुपरफॅट 5 टक्के यात धरलेला आहे. खोबरेल फेस आणि कडकपणा देतं, मुठेल वडी टणक ठेवतं आणि ती पाण्यात लवकर झिजत नाही, एरंडेल फेस टिकवतं. एरंडेल 10 टक्क्यांच्या वर नेलं तर वडी चिकट होते. मुठेल 15 च्या वर गेलं तर मिश्रण हातातल्या हातात आवळतं आणि वडी ठिसूळ. करंज हवंच असेल तर शेंगदाण्यातले 50 ग्रॅम काढून करंज घाला. दोघांचा आकडा इतका जवळ आहे की कॉस्टिक बदलायला नको. पण वास येणार, तो कोणत्याही अत्तराने पूर्ण झाकत नाही.

पाणी तुम्ही कॉस्टिकच्या दुप्पट घेतलं होतं. थंड, म्हणजे न शिजवता करायच्या, पद्धतीला ते पुरतं. शिजवताना वाफेने जातं, म्हणून अडीच पट.

कृती: मोठ्या पातेल्यात जाळी ठेवून पाणी, त्यावर स्टीलचं आतलं पातेलं. आतलं पातेलं मिश्रणाच्या तिप्पट मोठं घ्या, का ते पुढे कळेल. आधी मुठेल वितळवा, मग बाकीची तेलं, साधारण 70 अंश. कॉस्टिकचं पाणी गाळणीतून हळूहळू सोडा. हँड ब्लेंडर 10 सेकंद चालवा, 20 सेकंद नुसता ढवळा. दाट ताकाच्या कढीसारखं झालं आणि थेंब पृष्ठभागावर रेघ ठेवू लागला की ट्रेस आला, म्हणजे तेल आणि कॉस्टिकचं पाणी एकजीव झालं. ब्लेंडर बाहेर काढा, झाकण लावा.

पुढे काय दिसतं ते लक्षात ठेवा, घाबरायला होतं म्हणून सांगतो. 10-15 मिनिटांत कडेकडेने अर्धपारदर्शक होऊ लागतं आणि मधे पांढरं बेट राहतं. मग सगळं फुटल्यासारखं दिसतं, सफरचंदाच्या गरासारखं रवाळ, बाजूला थोडं पाणी. त्याच सुमाराला ते एकदम वर चढतं, दूध ऊतू जातं तसं. म्हणून मोठं पातेलं. चमच्याने खाली बसवा, आच कमी करा. त्यानंतर कुस्करलेल्या बटाट्यासारखं, आणि शेवटी व्हॅसलीनसारखं तकतकीत, पांढरा गोळा कुठेच नाही. साधारण 45 ते 90 मिनिटं. घड्याळाकडे नको, गोळ्याकडे बघा. चिमूटभर गार करून बोटांत चोळा, मेणासारखं लागायला हवं. तेलकट किंवा खरखरीत लागलं तर अजून व्हायचंय.

सारखं झाकण उघडून ढवळत बसणं ही सगळ्यात मोठी चूक. पाणी उडून जातं, गोळा कोरडा पडतो आणि मग साच्यात चमच्याने ठासावा लागतो. तुमच्या वडीच्या कडा सुटण्यामागे जास्तीच्या कॉस्टिकइतकंच हेही कारण आहे.

जर्मनचं_पातेलं

मधेच विचारतो. घरात मोठं पातेलं जर्मनचंच आहे. एकदाच वापरलं तर चालेल? आणि पितळेचं, कल्हई केलेलं?

खळखळ_फेस

दोन्ही नाही. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, कॉस्टिक त्याला खातं आणि हायड्रोजन वायू सुटतो, जो पेट घेतो. एकदाच म्हणजे पातेलंही जाईल आणि घाणही. कॉस्टिक भांड्याने खाल्ल्यामुळे तेलाला किती उरलं याचा हिशोबच राहत नाही, शिवाय मिश्रण करडं होतं. कल्हई म्हणजे कथील, तेही कॉस्टिकमध्ये विरघळतं, आणि खालचं तांबं साबणातलं तेल लवकर खवट करतं. नॉनस्टिकचा थरही सुटतो. स्टील किंवा न टवकलेलं एनॅमल. चमचा स्टीलचा किंवा सिलिकॉनचा, लाकडी झिजून तंतू सोडतो.

रिठा_शिकेकाई

पूरक पदार्थांवर कोणी बोललं नाही म्हणून.

शिजवलेल्या साबणाचा फायदा हाच की जे घालायचं ते कॉस्टिक संपल्यावर घालता येतं. त्यामुळे जडीबुटी शेवटी, पण कोरडी कधीच नाही. मुलतानी माती 2 चमचे कोरडी टाकली की ती गोळ्यातलं उरलंसुरलं पाणी शोषून घेते. तुमच्या भुशामागचं तिसरं कारण हे. 500 ग्रॅम तेलाला 1 चमचा पुरे, दुप्पट पाण्यात आधी भिजवून. बेसन, शिकेकाई, रिठा हेही वस्त्रगाळ करून भिजवूनच. शिकेकाई आंबट असते, जास्त घातली तर साबणाचा थोडा भाग फोडून चिकट करते. 500 ला 2 चमचे ही मर्यादा. साबण गडद तपकिरी होणार हे आधीच मान्य करा.

तुळस, कडुलिंब, कढीपत्ता यांचा ताजा पाला वाटून घालू नका. हिरवा रंग आठवड्यात मातकट होतो आणि ओल्या पाल्यावर बुरशी धरते. वाळलेला पाला शेंगदाणा तेलात मंद पाण्यावर दोन तास ठेवून गाळा आणि तेच तेल, पुन्हा वजन करून, वापरा. गुलाबाच्या पाकळ्या वडीत तपकिरी होऊन उंदराच्या लेंड्यांसारख्या दिसतात. फोटोत दिसतात त्या वरून, वडी गार झाल्यावर चिकटवलेल्या असतात.

कोरफडीचा गर पाण्याच्या जागी चालतो, पण गाळून, आणि त्यातल्या साखरेने घाण जास्त चढते. दूध सुरुवातीला घातलं तर करपून तपकिरी होतं आणि अमोनियाचा वास मारतं. शेवटी 1 मोठा चमचा दूध पावडर कोमट पाण्यात कालवून घाला.

गोळा घट्ट होण्यावर सगळ्यात सोपा उपाय दही. शिजून झाल्यावर 500 ला 1 मोठा चमचा, फ्रिजमधलं नाही, कोमट करून आणि घुसळून. गोळा लगेच सैल होतो, ओतता येतो. सोडियम लॅक्टेट मिळालं तर 10 ग्रॅम, काम तेच.

सुगंधी तेल 80 अंशांच्या खाली आल्यावरच, नाहीतर पैसे वाफेबरोबर जातात. 500 ग्रॅमला 10 ते 15 ग्रॅम वरची मर्यादा, गवती चहाचं 5 च्या पुढे नको, लवंग-दालचिनी तेल तर अंगाच्या साबणात न घातलेलं बरं. चटका देतात.

बोअरचं_पाणी

बोअरच्या जड पाण्यात या साबणाचा फेस येत नाही, बादलीला पांढरी साय धरते आणि केस राठ होतात, अशी तक्रार हमखास येणार. दोष साबणाचा नाही, पाण्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी बांधला जातो. उपाय: 500 ग्रॅम तेलाला 5 ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व. आधी पाण्यात विरघळवा, मग कॉस्टिक. पण 1 ग्रॅम लिंबूसत्त्व 0.62 ग्रॅम कॉस्टिक खातं, म्हणून 3 ग्रॅम जास्त घ्यायचं. वरच्या कृतीत 73 ऐवजी 76. त्याचं सोडियम सायट्रेट होतं, ते पाण्यातला क्षार धरून ठेवतं. साय पूर्ण जात नाही, बरीच कमी होते.

हेच लिंबूसत्त्व शेवटी घालून साबणाचा पीएच त्वचेसारखा 5.5 करायचा, असे व्हिडिओ फिरतात. तो पीएच गाठेपर्यंत साबण फुटून वर मेदाम्लांचा तवंग येतो. साबण राहतच नाही.

आणि एक. हॉट प्रोसेसचा साबण दुसऱ्या दिवशी वापरायला घ्या, असं म्हणतात, ते मला अर्धवट वाटतं. चाचणीत पास झाला तर त्वचेला धोका नाही, हे खरं. पण आत पाणी असतं, वडी चार आंघोळीत संपते. किमान दोन आठवडे हवेशीर जाळीवर, चार मिळाले तर उत्तम.

खळखळ_फेस

चार आठवडे थंड पद्धतीला. शिजवलेल्याला दोन पुरतात, वजन काट्यावर स्थिर झालं की झालं. वडीवर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहा, चार दिवसांनी पुन्हा तोला. कोकणात जुलैमध्ये मात्र ते स्थिर होणारच नाही. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं आणि वडीला घाम फुटतो. खराब झाली नाही, पुसून डब्यात तांदळाबरोबर ठेवा.

भुसभुशीत_वडी

किसून 60 ग्रॅम पाणी आणि 70 ग्रॅम शेंगदाणा तेल घालून पुन्हा शिजवलं. स्पिरिटच्या चाचणीत गुलाबी आलं नाही. जिभेलाही काही नाही. आता दोन शंका. सुपरफॅटचं तेल शेवटी वेगळं घालतात म्हणे, ते कसं? आणि मित्रमंडळीत विकायचा झाला तर?

मुठेल

सुपरफॅट: हिशोब एकाच जागी करायचा. एकतर 500 ग्रॅमला 5 टक्के सवलत (तेवढं कॉस्टिक कमी) धरून 73 कॉस्टिक घ्या आणि सगळं तेल सुरुवातीला घाला. नाहीतर 25 ग्रॅम मुठेल बाजूला ठेवा, उरलेल्या 475 चा हिशोब 1 टक्का सवलतीने करा, आणि ते 25 शिजल्यावर घाला. मुठेलाचे 0.135 धरले तर 25 ग्रॅमचे 3.4 कमी होतात, सगळ्या 500 ग्रॅमला सवलतीविना लागणाऱ्या 76.9 मधून 73.5, आणि 1 टक्का सवलतीने 72.8. म्हणजे कॉस्टिक जवळपास तेवढंच. दोन्ही एकदम केलं की 10 टक्के मोकळं तेल राहतं, फेस मरतो आणि दोन-तीन महिन्यांत वडीवर खवट केशरी डाग येतात.

विक्री: साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनात मोडतो. 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या व्याख्येतून आधी साबण वगळलेला होता, 1982 च्या दुरुस्तीने ती सूट गेली. आता सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 लागू आहेत आणि उत्पादनाचा परवाना महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडून घ्यावा लागतो. स्वयंपाकघरातली जागा त्यात बसत नाही. भेट द्यायला हरकत नाही, पण चिठ्ठीवर तेलांची नावं लिहा. शेंगदाण्याची ॲलर्जी असणारा माणूस वास घेऊन ओळखणार नाही.